शुभ, लाभ आणि विकतची साक्ष

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पेढ्यापेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते आणि त्याच्या दोन अंगांना 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द लिहिले जातात. लिहिण्याचा क्रम कधी चुकत नाही. आधी शुभ, मग लाभ. आमच्या क्षेत्री देवळाच्या महाद्वारापासून निघणाऱ्या गल्लीत समया, निरांजने, पंचारत्या विकणारी जुनी दुकाने आहेत. त्यांतील एका दुकानात आम्ही गेली चाळीस वर्षे वहीपूजनाला जातो. दुकान आमच्या दिवंगत गुरुबंधूंचे. आता त्यांचा मुलगा आणि सूनबाई ते चालवितात. या वर्षी तेथे वहीशेजारी एक लहानसा संगणकही चौरंगावर मांडलेला असेल, कारण या दुकानाची दुसरी पायरी आता त्या संगणकात आहे.

ती पायरी कशी असते, हे आमच्या वयाच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. नागपूरचे किंवा न्यू जर्सीचे गिऱ्हाईक आपल्या मोबाईलवर गूगल नावाच्या शोधयंत्रात 'पितळी समई' अशी अक्षरे टाकते. क्षणार्धात दुकानांची यादी पुढे येते. माथ्यावर बहुधा पैसे भरून दिलेल्या जाहिराती असतात. त्यांवर 'प्रायोजित' असा शिक्का असतो, त्यात लपवाछपवी नाही. त्यांच्याखाली जी यादी येते तिच्यातील जागा मात्र गूगलला पैसे देऊन मिळत नाही. तेथे ज्याचे नाव पहिल्या चार-पाचांत आहे त्याच्या दुकानात गर्दी. जो चौथ्या पानावर आहे, त्याने दुकान उघडले आहे हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. साहजिकच, ही जागा मिळवून देणाऱ्यांचा एक मोठा व्यवसाय जगभर उभा राहिला आहे. त्याला 'एसईओ' म्हणतात. त्यात सरळ मार्गाने काम करणारे पुष्कळ आहेत आणि वाकड्या मार्गाचेही पुष्कळ आहेत. कीर्तनकाराने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आम्ही पडलो नाही, ओढले गेलो. ते कसे, हे ओघाने येईलच.

प्रथम ही जागा ठरते कशी ते पाहू. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन तरुण विद्यार्थ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. महाजालावरील कोट्यवधी पानांतून चांगले कोणते हे यंत्राने कसे ओळखावे, हा त्यातला प्रश्न. पानावर शब्द किती वेळा आला एवढ्यावरून ओळखावे, तर दुकानदार तोच शब्द शंभरदा लिहून ठेवील. त्यांनी उत्तर शोधले ते पंडितांच्या व्यवहारात. एखादा शोधनिबंध किती थोर, हे त्याच्या लेखकाला विचारायचे नाही. इतर विद्वानांनी तो आपल्या ग्रंथात किती वेळा उद्धृत केला ते पाहायचे. तसेच एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे बोट दाखविणारा जो दुवा दिलेला असतो, तो म्हणजे एक उद्धरण, एक साक्ष. शिवाय सगळ्या साक्षी सारख्या नव्हेत. ज्या पानाला स्वतःला पुष्कळांची साक्ष आहे, त्याने दिलेली साक्ष वजनदार. आणि एका पानाचे वजन त्याने दिलेल्या सर्व दुव्यांत वाटले जाते. म्हणजे ज्याने दहांची शिफारस केली त्याच्या प्रत्येक शिफारशीला जे मोल, ते हजारांची शिफारस करणाऱ्याच्या शब्दाला नाही.

हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले, कारण ही गोष्ट आमच्या घरचीच निघाली. भास नावाचा नाटककार शतकानुशतके कसा जिवंत राहिला? त्याची नाटके तर कोणाच्या वाचनात नव्हती. परंतु कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत सौमिल्ल आणि कविपुत्र यांच्याबरोबर त्याचे नाव घेतले, बाणाने 'हर्षचरिता'च्या आरंभी घेतले. दोन-चार उल्लेख, पण करणारे कोण! त्या उल्लेखांच्या बळावर भास थोर, हे पंडितांनी ग्रंथ न पाहता मान्य केले होते. पुढे महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांना केरळात तेरा नाटकांची हस्तलिखिते मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ती त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली. ती सगळी भासाचीच की नाहीत, हा वाद आजही चालू आहे, तो येथे नको. आमचा मुद्दा इतकाच की कालिदासाने एकदा घेतलेले नाव आणि शंभर अनाम भाटांनी गायलेली स्तुती यांतला भेद त्या दोन तरुणांनी गणितात बसविला. त्याच वर्षी गूगल ही कंपनी निघाली. आज ती क्रम लावताना इतर अनेक गोष्टी पाहते. पण दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही.

आता यातली फट कोणाच्याही लक्षात येईल. कालिदासाने भासाचे नाव घेताना भासाकडून काही घेतले नव्हते. पण ज्या क्षणी साक्षीला बाजारभाव येतो, त्या क्षणी साक्षीदार विकत मिळू लागतात. न्यायालयाच्या आवारात जसे व्यावसायिक साक्षीदार घुटमळत असत, तशी केवळ दुवे विकण्यासाठी उभी केलेली हजारो संकेतस्थळे महाजालावर निघाली. अशा मिळविलेल्या दुव्याला त्या धंद्यात 'बॅकलिंक' म्हणतात आणि ते शेकड्याच्या भावाने मिळतात.

पूर्वरंग लांबला, आख्यानाकडे वळू. अमेरिकेत १९०२ साली वायोमिंग संस्थानातील केमरर या खाणकामगारांच्या लहानशा गावात जेम्स कॅश पेनी नावाच्या तरुणाने भागीदारीत कापडाचे दुकान काढले. वडील धर्मोपदेशक. दुकानाचे नाव 'गोल्डन रूल', म्हणजे सुवर्णनियम. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण दुसऱ्याशी वागावे, हा तो ख्रिस्ती धर्मातील नियम. या एका दुकानातून जे. सी. पेनी ही देशभर शाखा असलेली प्रचंड पेढी उभी राहिली. शंभराहून अधिक वर्षे लोटली आणि २०१० च्या नाताळात एक चमत्कार दिसू लागला. गूगलवर कपडे शोधा, अंथरुणे शोधा, गालिचे शोधा, घरचे सामान शोधा, पहिले नाव जे. सी. पेनीचे! ज्या कंपनीने एखादी बॅग स्वतः तयार केली, तिच्या नावाने ती बॅग शोधली तरी त्या कंपनीच्या आधी पेनीचे दुकान.

'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाने एका जाणकाराकडून याचा छडा लावून घेतला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तो वृत्तान्त छापला. दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीच्या दुकानाकडे नेणारे दुवे पेरलेले होते. ती पाने कसली? कोणी मोटारींविषयीचे, कोणी जुगाराविषयीचे, कोणी बल्गेरियातील घरजमिनींचे. कित्येक तर ओसाड पडलेली. बल्गेरियातील जमिनीच्या पानाला पोशाखांविषयी साक्ष द्यावयाचे काय कारण, हे विचारण्याचे यंत्राला सुचले नव्हते. वृत्तपत्राने गूगलला विचारले, आणि मग गूगलच्या ज्या विभागाकडे असल्या लबाड्यांचा बंदोबस्त होता, त्याचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांच्या लोकांनी हात चालविला. एका प्रकारच्या प्रवासी बॅगेसाठी सायंकाळी सात वाजता पेनी पहिले होते. नऊ वाजता एकाहत्तरावे. वृत्तपत्राने पाहिलेल्या एकूणसाठ शब्दांवर १ फेब्रुवारीला पेनीचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला तो ५२ झाला. पेढीने सांगितले की हे दुवे आमच्या संमतीने लागलेले नाहीत, आणि या कामावर नेमलेल्या सल्लागार संस्थेला तिने काढून टाकले. पुढे सुमारे तीन महिन्यांनी शिक्षा उठली.

आम्हांला या कथेत पेनीच्या पडण्यापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक लागते. त्या नाताळात जे इतर दुकानदार सरळ मार्गाने चालत होते, त्यांच्या गेलेल्या विक्रीचे काय? सण सरला, गिऱ्हाईक गेले. शिक्षा फेब्रुवारीत झाली.

याच महिन्यात ओव्हरस्टॉक नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर पाळी आली. विद्यापीठांच्या संकेतस्थळांची साक्ष वजनदार, हे हेरून या दुकानाने महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना दहा टक्के सूट देऊ केली. मात्र महाविद्यालयाच्या पानावर आमच्या विशिष्ट वस्तूंकडे नेणारा दुवा द्या, अशी अट घातली. यात पैसे कोणाच्या हाती दिले नाहीत, म्हणून हा सौदा नव्हे, असे कोणी म्हणेल. गूगलने तसे मानले नाही. याच्या उलट जातीची एक घटना अवघ्या तीन महिन्यांपूर्वीची. न्यूयॉर्कमधील एक ऑनलाइन चष्मेविक्रेता गिऱ्हाइकांना दमदाटी करी, आणि चारचौघांत त्याची निंदा झाली की खूश होई. कारण निंदा करणारेही त्याच्या दुकानाचा दुवा देत आणि यंत्राला निंदा व स्तुती यांतला फरक कळत नसे. हे त्याने उघड बोलून दाखविले. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस त्याची कथा छापून आली आणि १ डिसेंबरला गूगलने आपल्या गणितात सुधारणा केल्याचे जाहीर केले. पुढे त्या गृहस्थाला धमक्या व फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला. कुप्रसिद्धी ही प्रसिद्धीच, असे म्हणणारे पूर्वीही होते. पण तिच्यावर दुकान चालविणारा विरळा.

आम्हांला स्वतःला बोचली ती तिसरी कथा, आणि ती फुलांची आहे. इंग्लंडात इंटरफ्लोरा ही फुले घरपोच करणारी जुनी व नामांकित संस्था आहे. तिच्या धंद्याचे दोन मोठे दिवस. एक फेब्रुवारीतील प्रेमिकांचा दिवस आणि दुसरा मातृदिन. तिकडचा मातृदिन हा मूळचा ख्रिस्ती उपवासकाळातील चौथा रविवार. २०१३ साली तो १० मार्चला होता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असे आढळले की गूगलवर 'फुले' शोधली तर इंटरफ्लोरा नाहीच, पण खुद्द 'इंटरफ्लोरा' हे नाव टाकले तरी तिचे स्वतःचे दुकान वर येत नाही! कारण शोधता शोधता निघाले ते असे, की प्रेमिकांच्या दिवसापूर्वीच्या आठवड्यांत इंग्लंडातील अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर लेखाच्या रूपातल्या जाहिराती आल्या होत्या आणि त्यांत या संस्थेचे दुवे होते. वाचणाऱ्याला वाटावे लेख, यंत्राला वाटावी साक्ष, आणि असावी जाहिरात. गूगलने वृत्तपत्रांनाही सोडले नाही. त्या काळी प्रत्येक स्थळाचे वजन एका अंकाने दिसत असे, तो अंक कित्येक वृत्तपत्रांच्या बाबतीत एकदम खाली आला. इंटरफ्लोराने धावपळ करून दुवे काढविले आणि अकरा दिवसांत, मातृदिनाच्या आधी, ती परत जागेवर आली. एवढ्या थोड्या दिवसांत सुटका झाली ती मोठे नाव म्हणून, अशी कुरकुर तेव्हा लहान दुकानदारांनी केली. आम्हांला ती अगदीच निराधार वाटत नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये, नामांकित स्थळाच्या पुण्याईवर परक्याचा मजकूर खपविण्याविरुद्ध गूगलने स्वतंत्र नियमही केला.

आम्हांला बोचली असे म्हणालो, त्याचे कारण आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सव आटोपल्यावर गुरुबंधूंचा मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, एका संकेतस्थळाला दीपदानावर लेख हवा आहे. मानधन चांगले आहे." आम्ही लिहिला. कार्तिकातील आकाशदिवा, देवळांना अखंड दिव्यासाठी दिलेली जुनी दाने, समईच्या वातींची संख्या असे पुष्कळ लिहिले. आणि खरे सांगायचे तर मन लावून लिहिले. मानधन पाहून आम्ही थक्क झालो. वृत्तपत्रांनी इतके कधी दिले नव्हते. त्या द्रव्यातून आम्ही घरात दिवाळीचे कापड घेतले. संस्कृतच्या पंडिताला अखेर कोणी तरी ओळखले, असा थोडा ताठाही आला होता, तोही कबूल केला पाहिजे.

त्या वर्षी दुकानाचे नाव दसऱ्यापर्यंत पहिल्या पानावर आले, दिवाळीत पार्सले बांधायला माणसे पुरेनात. आणि मार्गशीर्षात एके दिवशी सूनबाईंनी मोबाईल आमच्या पुढे धरला. दुकानदारांना गूगलकडून जेथे सूचना मिळतात तेथे निरोप होता की तुमच्या स्थळाकडे येणारे दुवे अनैसर्गिक आढळले असून त्यावर कारवाई केली आहे. ज्याला काम दिले होते तो एसईओवाला फोन उचलीना. सूनबाईंनी यादी उतरवून घेतली तेव्हा तीत शेकडो स्थळे निघाली. औषधांची, कर्जांची, परभाषांतली, नावगाव नसलेली. आणि त्यांत एक मराठी पान होते, आमचे. आमच्या लेखात आम्ही जेथे जेथे 'पितळी समई' लिहिले होते, तेथे तेथे ते शब्द दुकानाकडे नेणारे दुवे झाले होते. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काका, मानधन आमच्याच पैशातून गेले होते. दुवे घालणार हे मला ठाऊक होते. तुम्हांला सांगितले नाही."

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. रागापेक्षा दुसरीच गोष्ट छळत होती. आम्ही जे घेतले ते दक्षिणा की साक्षीची किंमत? कीर्तनानंतर आरतीच्या तबकात पडते ते आम्ही आयुष्यभर घेतले. पण कीर्तनात कोणाच्या दुकानाचे नाव घेण्यासाठी कोणी पैसे देऊ केले, तर आम्ही ते घेतले असते का? अजाणता झाले खरे. पण इतके मानधन का मिळते आहे, हे आम्ही विचारले नाही, आणि न विचारण्यात आमची सोय होती.

जाहिरात करण्याला कोणाची बंदी नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण करण्याची सोय आहे. ही साक्ष मोजू नका असे यंत्राला सांगणारी एक खूण २००५ साली निघाली. 'हा दुवा प्रायोजित आहे' असे सांगणारी वेगळी खूण २०१९ साली. खूण केली की गिऱ्हाईक दुव्यावरून दुकानात येते, पण क्रमांकाच्या गणितात त्याचे वजन धरले जाईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आमच्या लेखात ही खूण नव्हती. असती तर त्या एसईओवाल्याच्या लेखी लेखाला काही किंमतच उरली नसती.

पुढचे काम कंटाळवाणे होते, ते थोडक्यात सांगतो. शेकडो स्थळांना पत्रे लिहून दुवे काढण्याची विनंती करायची. बहुतेकांनी उत्तर दिले नाही, काहींनी काढले, आणि काहींनी दुवा काढण्याचे पैसे मागितले! लावण्याचेही पैसे आणि काढण्याचेही. जे निघत नाहीत त्यांची यादी करून 'या साक्षी आम्हांला मान्य नाहीत' असे गूगलला कळविण्याची सोय २०१२ पासून आहे. तशी यादी सूनबाईंनी दिली. पहिला विनंतीअर्ज फेटाळला गेला. दुसरा वैशाखात मान्य झाला. कारवाई उठली, पण विकतच्या साक्षींनी जे उंचावले होते ते उंचावलेले कसे राहील? गेली दिवाळी दुकानाने चौथ्या पानावर काढली.

मग सूनबाईंनी जे केले ते आम्ही जवळून पाहिले. प्रत्येक वस्तूच्या पानावर कारखानदाराने दिलेले वर्णन जसेच्या तसे चिकटविले होते, तेच वर्णन इतर दुकानांतही. ते सगळे काढून तिने आपल्या शब्दांत लिहिले. लोक 'समई' देवनागरीत लिहितात, रोमन अक्षरांतही लिहितात आणि उत्तरेकडचे 'पितल का दीया' म्हणून शोधतात, हे ध्यानात घेऊन नावे दिली. संपलेल्या मालाची मेलेली पाने गिऱ्हाइकाला त्याच जातीच्या दुसऱ्या वस्तूकडे नेतील असे केले. छायाचित्रे जड होती, ती हलकी केली, म्हणजे खेड्यातल्या मोबाईलवरही दुकान लवकर उघडावे. आणि एक पान असे तयार केले, जे दुसऱ्या कोणाकडे नव्हते. दुकानातली प्रत्येक समई तिने घरी लावून पाहिली. कोणतीत किती तेल मावते, एका वातीवर किती वेळ जळते, पाच वातींवर किती, तेल तळाशी झिरपते का, चिंचेने घासल्यावर कोणती उजळते आणि कोणतीवर डाग राहतो, हे सगळे तक्त्यात मांडले. त्यासाठी श्रावणभर त्यांच्या माजघरात घड्याळ आणि समई शेजारी शेजारी होती. गुरुबंधूंच्या पत्नी रात्री उठून वेळ टिपीत.

त्या पानाला परदेशातील एका महाराष्ट्र मंडळाने आपल्या गणपतीच्या तयारीच्या पानावर दुवा दिला. न मागता, न देता. एका नंदादीप लावणाऱ्या देवस्थानाने दिला. धातूच्या भांड्यांवर लिहिणाऱ्या एका बाईंनी दिला. वर्षभरात मोजून नऊ. या मजकुरासाठी आम्ही विचारले तेव्हा दुकान दुसऱ्या पानाच्या मध्यावर होते.

आमच्या त्या जुन्या लेखाचे काय झाले, हे राहिले. स्थळाच्या मालकाला आम्ही स्वतः पत्र लिहिले. दुवे काढा किंवा लेख काढा, म्हणून. उत्तर आले नाही. मानधनाइतकी रक्कम आम्ही मुलाच्या हाती परत ठेवली. तो घेईना, सूनबाईंनी घेतली आणि वहीत जमा केली. आणि गूगलकडे गेलेल्या त्या अमान्य साक्षींच्या यादीत, कर्ज आणि औषधे विकणाऱ्या स्थळांच्या मधोमध, दीपदानावरील आमच्या लेखाचा पत्ता आहे. तो तेथे घाला असे आम्हीच सांगितले. सूनबाई म्हणाल्या, "काका, लेख फार चांगला होता हो." आम्ही त्यांना तो पुन्हा लिहून दिला आहे, दुकानाच्या स्वतःच्या पानासाठी, आमचे त्या घराशी काय नाते आहे ते पहिल्याच ओळीत नमूद करून.